वस्तादची खुर्ची

सलूनमध्ये त्याला सगळे वस्ताद म्हणत. लकव्याने उजवा हात गेला तेव्हा आरशासमोरची त्याची खुर्ची धाकट्या भावाने घेतली. "हात आला की तुझी तुला, दादा," असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता. वस्तादने तो शब्द मनाशी घट्ट धरला.

हात आला, पण एकटा आला नाही. उजवी मूठ वळली की डावीही आपोआप वळे. डॉक्टरांनी मशीनमध्ये झोपवून मेंदूचा फोटो काढला. "उजवा हात हलवताना तुमच्या मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागताहेत," ते म्हणाले. "दुखावलेली बाजू सावरली की दुसरी मागे सरेल. मग डावा हात गप्प बसेल. घाई करू नका."

धाकट्याने हे शेजारी उभं राहून ऐकलं होतं. तरी दुसऱ्याच सकाळी, दुकान भरलेलं असताना, त्याने वस्तरा पुढे केला. "खुर्ची हवी ना? कर दाढी." खुर्चीत मुद्दाम बसवला होता एक तापट कंत्राटदार.

वस्तादने देवाचं नाव घेतलं, डाव्या हाताने गाल ताणला आणि उजव्याने वस्तरा टेकवला. उजवी बोटं आवळली तशी डावीही आवळली, आणि गालाला असा चिमटा बसला की कंत्राटदार फेसासकट उठला.

"लाड करतोस काय रे माझे?"

दुकान खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्याने धाकटा. मग त्याने कोपऱ्यातला झाडू आणून दिला. "केस लोटायला दोन्ही हात लागतात, दादा. तुझं बरंच झालं."

वस्ताद केस लोटू लागला. घरी बायको देवापाशी दिवा लावी, तेव्हा हा तिच्याशेजारी बसून डाव्या हातात धरलेल्या फुग्याला फेस लावी आणि त्याची दाढी करी. डावा हात आवळला की फुगा फुटे. बायको दचके. दुसरा फुगवून देई. होता होता फुगे फुटेनासे झाले.

मग तो फुगा घेऊनच दुकानात गेला. सगळ्यांसमोर त्यावरचा फेस त्याने साफ उतरवला. डाव्या तळव्यात फुगा निवांत होता.

"बघ, आला हात."

धाकट्याने वस्तऱ्याच्या टोकाने फुगा फोडला.

"आला ना? मग एका हाताने झाड, दुसऱ्याने सुपली धर. खुर्ची उद्यापासून माझा मेव्हणा सांभाळतोय."

या वेळी कुणी हसलं नाही. वस्तादने वाकून फुग्याची चिंधी केसांबरोबर लोटली. सुपली धरलेला डावा हात जराही हलला नाही.