पायलला परवानगी होती

गोरक्ष सानप यांचा अंबडच्या एमआयडीसीत रबरी सुट्या भागांचा लहानसा कारखाना होता. मूळ गाव निफाडकडचं. तिथे द्राक्षबागांवर फवारलेल्या औषधाचा थर विजेच्या खांबांवर तारा धरणाऱ्या इन्सुलेटरवर बसतो, धुक्यात ओला होतो आणि वीज खांबात उतरते. असाच एक खांब हाताला लागून त्यांचा चुलतभाऊ लहानू गेला. थर धरणारच नाही असा, उतरत्या चकत्यांचा इन्सुलेटर बनवायचं गोरक्षनी तेव्हा मनावर घेतलं. कित्येक नमुने जळाले, तडकले. शेवटी एक टिकला.

मुलगी पायल इंजिनिअरिंगला होती. तिने विचारलं, "पप्पा, याचा व्हिडिओ टाकू?"

"टाक की! कळू दे लोकांना."

पेटंटचा अर्ज त्यानंतर केला. निकाल यायच्या आत पायल डेंग्यूने गेली. मग अर्जही फेटाळला गेला. ही रचना अर्जाआधीच जगजाहीर होती, म्हणून नवी नाही, असं कारण दिलं होतं. पुरावा होता पायलचा व्हिडिओ.

गोरक्षनी उच्च न्यायालयात अपील केलं. वकील अंजली गांगुर्डे म्हणाल्या, "तुमच्या संमतीशिवाय तो टाकला गेला असेल, तर कायदा तुम्हाला सांभाळून घेतो. पायलने विचारलं होतं का?"

"सांगतो," एवढंच म्हणून ते उठले.

घरी पत्नी ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "नव्हतं विचारलं म्हणा. ती असती तर तिनेच सांगितलं असतं, 'पप्पा, असंच लिहा.'"

"सांगितलं असतं गं. पण कागदावर काय राहील? पोरीने बापाची वस्तू चोरून दाखवली. ते खोडायला ती येणार आहे का?"

ज्योत्स्नाबाई ताटावरून उठून आत गेल्या.

विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, असं गोरक्षनी वकिलांना कळवलं. मग एकच मुद्दा उरला, की थर टिकू न देणारा चकत्यांचा आतला उतार व्हिडिओत नीट दिसत नाही. न्यायालयाने व्हिडिओ पाहिला. उतार स्पष्ट दिसत होता, कारण पायलने तो बोटाने दाखवून, हसत हसत समजावला होता. अपील फेटाळलं गेलं. त्या दालनात गोरक्षनी लेकीचा आवाज ती गेल्यावर पहिल्यांदा ऐकला. पुढचं काही त्यांच्या कानांवर पडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दोघं लग्नाला पिंपळगावला निघाले होते. वाटेत नव्या खांबांवर तसेच इन्सुलेटर दिसले. कुठल्याशा मोठ्या कंपनीचे. पेटंट नसल्याने ते कोणालाही बनवता येत होते.

"आपलेच ना?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

गोरक्षनी होकारार्थी मान हलवली आणि गाडी कडेला घेतली.