अच्छाडच्या ढाब्यावर चौथीचा वर्ग

राज्याच्या हद्दीवर, हायवेला, अच्छाडच्या नाक्याजवळ मुकेशशेठचा ढाबा आहे. तिथल्या रोट्या गेली बारा वर्षं जानी भाजते. तोंडानं ही बाई महाफटकळ. एखाद्या ड्रायव्हरनं रोटी कच्ची म्हटली, की "दादा, आधी दात दाखव" म्हणून मोकळी. अशी ही जानी एका बुधवारी पार घाबरून गेली, आणि कुणाला? नऊ-दहा वर्षांच्या सव्वीस पोरांना!

त्याचं असं झालं. तिची मुलगी सुकी तलासरीजवळच्या पाड्यावरच्या शाळेत चौथीला. तिथल्या मयुराबाईंची तऱ्हाच निराळी. दर गुरुवारी वर्ग उचलून बाहेर न्यायच्या. कधी ओढ्यात पानं सोडून पाणी किती वेगानं वाहतं ते मोजायला, कधी कुणाच्या वाडीत चिकूची कलमं बांधताना बघायला. सुरुवातीला जानी म्हणायचीच, "ही काय शाळा आहे की जत्रा?" पण सुकी हाक न मारता सकाळी उठायला लागली, रात्री जेवताना न विचारता सगळं सांगायला लागली, तेव्हा जानीनं तोंड आवरतं घेतलं. त्या बुधवारी सुकी उड्या मारत आली. "आये, उद्या आमचा वर्ग तुझ्या ढाब्यावर! नकाशा शिकायला!"

जानीला आपली शाळा आठवली.

जानी स्वतः दुसरीत शाळा सोडलेली. आईबाप दरसाल सहा-सहा महिने वीटभट्टीवर जायचे, तीही त्यांच्याबरोबर जायची, आणि परत यायची तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असायचा. एकदा गुरुजींनी उभं करून काहीतरी विचारलं. तिनं घरच्या बोलीत उत्तर दिलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला, गुरुजीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून ती शेळ्यांमागे. पण शेळ्या न्यायच्या शाळेमागच्याच माळावर. तिथं हजेरी ऐकू यायची. "जानी काळ्या!" काळ्या तिच्या बापाचं नाव. रोज पुकारा व्हायचा, रोज 'हजर' तिच्या ओठांवर यायचं, पण हिय्या काही व्हायचा नाही. मग एके दिवशी तिचं नाव गाळून गुरुजी पुढे गेले. शाळा सोडताना जानी रडली नव्हती, त्या दिवशी रडली.

म्हणून त्या संध्याकाळी ती धावतपळत मयुराबाईंकडे गेली. "बाई, पाया पडते, दुसऱ्या ढाब्यावर न्या. मी तिथं घामाघूम, पिठानं माखलेली. पोरं सुकीला हसतील. एकदा हसली ना, की पोरगी शाळेत परत पाऊल टाकणार नाही. मला ठाऊक आहे."

बाई म्हणाल्या, "ढाबा मी कुठं ठरवलाय? मुलांनी ठरवलाय. सुकीनं सांगितलं, माझी आई गाडी बघून तिचं गाव ओळखते. आता मी नाही म्हटलं तर ही मंडळी मला जगू देतील होय?"

गुरुवारी पोरं आली. खाटांच्या मधोमध जमिनीवर भारताचा मोठा नकाशा अंथरला. डबाभर चिकूच्या बिया आणल्या होत्या. गाडी वळली की नंबर दिसायच्या आत गाव ओळखायचं, ड्रायव्हरला विचारून खात्री करायची, मग नकाशात तिथं बी ठेवायची. जानी डोक्यावर पदर ओढून पाठमोरी बसली होती. आज बोलायचंच नाही, असा तिचा पण.

एक ट्रक वळला. "राजस्थान!" बाई म्हणाल्या. "आत संगमरवर असणार."

"आये, तू सांग!" सुकी भर ढाब्यात ओरडली. सव्वीस माना वळल्या. पण टिकला तर तो जानीचा पण कसला!

"कसलं राजस्थान! ताडपत्रीखालचा पेंढा दिसत नाही का? मोरबीच्या टाइल्स आहेत, फुटू नयेत म्हणून पेंढ्यात घातलेल्या."

ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "हां बेन, मोरबी."

आणि सगळा वर्ग खो खो हसला. जानीच्या हातातलं उलथणं जागच्या जागी थांबलं. हेच ते हसणं. तिनं जीव मुठीत धरून सुकीकडे पाहिलं. सुकीही हसत होती. पोरं हसत होती ती बाईंना! आणि सगळ्यांत जास्त बाईच हसत होत्या, पोट धरून. "चुकले ग बाई," म्हणत त्यांनी आपल्या हातानं मोरबीवर बी ठेवली. "आता जन्मात विसरणार नाही." शाळेत असंही हसता येतं, हे जानीला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

मग काय, पोरांनी तिला गराडाच घातला. मिठाची गाडी कशी ओळखायची? मागून पाणी ठिबकतं. तामिळनाडूचा ड्रायव्हर? बसल्या बसल्या भात विचारतो. "जानीबेन, रोटी जळते!" मुकेशशेठ ओरडला. "जळू दे!" जानी म्हणाली. आपण कुठं आहोत हे तिनं विचारलं, तर एका पोरीनं तिचं बोट धरून नकाशावर टेकवलं. पिठाच्या एका ठशाखाली तलासरी, डहाणू, सगळंच झाकलं गेलं.

निघायच्या वेळी बाईंना खूप काही सांगावं असं जानीला वाटत होतं. पण "बाई, माझ्या पोरीला तुम्ही भेटलात, हे फार बरं झालं," एवढंच कसंबसं म्हणाली, आणि गरम रोट्यांत गूळ घालून पोरांच्या हातावर ठेवत राहिली. तोवर बाईंनी मुलं मोजायला हजेरी सुरू केली. शेवटचं नाव झालं, वही मिटली.

"बाई, माझ्या आईचं राहिलं," सुकी म्हणाली.

कुणीही हसलं नाही. बाईंनी वही पुन्हा उघडली. "वडिलांचं नाव?"

"काळ्या."

"जानी काळ्या!"

"हजर!" जानी म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली, की गल्ल्यावरचा मुकेशशेठ दचकून उभाच राहिला.