एकोणीस एक आणि शकुनाचे दोन

आमचे गुरुजी नव्या माणसाचं नाव नंतर विचारायचे, आधी मोबाइल नंबर. फोन लावायला नव्हे. नंबरातल्या अंकांची बेरीज तोंडातल्या तोंडात करायची, ती तीनच्या पाढ्यात बसली की "तुले तीननं भाग जाते" म्हणून निकाल द्यायचा. हा निकाल त्यांनी एकदा भर मांडवात खुद्द नवरदेवालाच ऐकवला होता.

मेडशीकडच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, पण गाव त्यांना ओळखायचं ते 'एकोणीस गुरुजी' म्हणून. एकापुढे एक असे एकोणीस एक मांडले की जो अगडबंब आकडा होतो, त्याच्यावर त्यांचा भारी जीव. ती मूळ संख्या. एक आणि तो आकडा स्वतः, याखेरीज त्याला कशानंच पूर्ण भाग जात नाही. तसं पुस्तकात छापलेलं आहे. तरी निवृत्तीनंतर गुरुजी रोज सकाळी भागाकार मांडून बसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पुस्तकात तं लय काही हाय. माणसानं सोता भागून पाहावं." वह्यांमागून वह्या भरल्या. दरवेळी बाकी उरायची आणि ती उरली की गुरुजी खूश. काकू मला सांगायच्या, "लोकायचे नवरे रिटायर झाले की वावरात जातात, आमचे आकड्यात गेले."

त्यांच्या पंचाहत्तरीला गावानं सत्कार ठरवला. समिती एकवीस जणांची, कारण त्याहून कमी घेतले असते तर उरलेले रुसले असते. मी वाशीमला नोकरीला, म्हणून फ्लेक्स छापून आणायचं माझ्याकडे आलं. गुरुजींच्या गळ्यात उभ्या आयुष्यात हार पडला नव्हता. "कायले खर्च करता?" असं ते तोंडानं म्हणत, पण नवा शर्ट शिवून तयार होता. मला दोनदा बजावलं, "आकडा मोठा छापजो. मागच्यायले बी दिसला पाह्यजे."

समितीच्या अध्यक्षांनी माझा कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "एकोणीस? शुभ कामात एकवीस पाह्यजे. लगनात आहेर तरी कोणी एकोणीसचा करते का? दोन वाढव." एकवीस एकांची बेरीज एकवीस, म्हणजे तीननं भाग जाणार, हे मला दिसत होतं. पण माझी बदली रोखायच्या अर्जाची फाइल अध्यक्षांच्या साडूच्या टेबलावर होती. मी दोन वाढवले.

कार्यक्रमाच्या दिवशी शाल अंगावर पडायच्या आत गुरुजींनी मागे वळून फ्लेक्स पाहिला. बोटानं मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग माइकवर म्हणाले, "याले तीननं भाग जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गुरुजी, उन्नीस-बीसनं काय फरक पडते?" अध्यक्ष हसून म्हणाले.

"दोन एक झाका. मंग शाल द्या."

शेवटचे दोन एक पाहुण्या पुढाऱ्याच्या फोटोला चिकटून छापले होते. ते झाकायचे तर पुढाऱ्याचा कानही झाकला जात होता. समिती तिथल्या तिथे तीन गटांत फुटली: झाका म्हणणारे, झाकू नका म्हणणारे आणि जेवायला वाढा म्हणणारे. गुरुजींनी अध्यक्षांच्या हातातली शाल घेऊन तिची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि ते मंचावरून उतरले.

त्यांना घरी सोडायला मोटरसायकलवर मीच गेलो. फाटकाशी उतरल्यावर ते म्हणाले, "एकवीस तूच लिवले?"

"अध्यक्षांनी सांगितलं, गुरुजी."

"तो तं माह्या वर्गात कधी बसलाच नाही. तू पयल्या बाकावर होता."

माझी बदली थांबली.

नंतरही मी त्यांच्याकडे जात राहिलो. ते चहा द्यायचे, वाशीमची हालहवाल विचारायचे, रागाचा एक शब्द कधी नाही. पण पिकल्या केसांच्या विद्यार्थ्यांनाही "काय बे" म्हणून हाक मारणारे गुरुजी त्या दिवसापासून माझ्याशी 'तुमी'नं बोलू लागले. लाज वाटायची, आणि ते पुन्हा एकदा "काय बे" म्हणतील म्हणूनच मी जायचो. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्याच्या आठवडाभर आधी गेलो, तर खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बसा ना. उभे काहून राह्यले?"