आरामाचे दोन दिवस

माझ्या मुलीला पळायला शिकवणाऱ्या सरांनी मला फसवलं. मी मागितलं तेच देऊन फसवलं, आणि ते देण्यासारखं नाही हे देताना त्यांना पक्कं माहीत होतं.

मी शेळ्यांची व्यापारीण आहे. नवरा गेला तेव्हा दारात दोन शेळ्या होत्या. आज तेलगावपासून परळीपर्यंतच्या बाजारांत माझा शब्द चालतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पुरुषांची रीत, बाईने त्या रुमालात हात घालायचा नाही. म्हणून मी तोंडाने भाव करते, चारचौघांत, मोठ्याने. माझा आवाज चढतो हे खरं आहे. आवाज न चढवता मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

मुलगी कॉलेजात गेली आणि पळायला लागली. दहा किलोमीटर. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी मिळेल, असं तिच्या मनात होतं. परळीच्या बाहेर, वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्याला लागून एक मैदान आहे, तिथे सर शिकवायचे. पुण्याला राहून व्यायामाचं शास्त्र शिकून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आठवड्याचा तक्ता माझ्यापुढे धरला. पाच दिवस पळणं, दोन दिवस आराम. त्या पाचांतलेही तीन दिवस सावकाश, गप्पा मारत पळता येईल इतकं.

"सावकाश पळायला शिकवणी कावून लागती?" मी विचारलं.

"ताई, पळताना ताकद वाढत नाही. पळून शरीर झिजतं. मग आराम केला, पोटभर खाल्लं, की ते पहिल्यापेक्षा पक्कं होतं."

"म्हंजी झोपणार ती, अन् पैसे देणार मी? झोप तर आमच्या घरी फुकट हाय."

मैदानावरच्या मुली हसल्या. सरांनी पुन्हा समजावलं. मी सात म्हणाले, ते पाचावरच. मी आवाज चढवला, तरी पाचावरच. रस्त्यापलीकडे दुसरी अकॅडमी नुकतीच उघडली होती. मी चपला पायात घातल्या आणि तिकडे बघितलं.

"बरं, सात," सर म्हणाले. "तुमच्या मनासारखं. चार दिवस जोरात पळवतो."

जिंकल्याच्या आनंदात मी वाटेत मुलीला उसाचा रस पाजला. वीस वर्षं बाजार केलेल्या बाईला तिथेच कळायला हवं होतं. पाचावर अडून बसलेला माणूस एकदम सातावर येत नसतो. बाजारात असं कुणी झटक्यात कबूल झालं तर मी जनावराचं तोंड उघडून दात बघते, खूर उचलून बघते. त्या दिवशी काहीच बघितलं नाही.

पहिले दोन महिने वेळ भराभर कमी झाली. सरांनी तिचा फोटो रस्त्यावरच्या फलकावर लावला. रोज सकाळी अंथरुणातच ती मनगट धरून नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. दर शनिवारी सर वही बघून सही करायचे. सुरुवातीला बावन्न ठोके असायचे. दिवाळीच्या आसपास साठ झाले.

"वाढलं म्हंजी चांगलंच की," मी म्हणाले.

"न्हाई माय. कमी असलं की चांगलं."

"मग सरला सांगितलंस का?"

"सर बघतेत की वही."

जाणता माणूस बघतोय, मग मी कशाला बोलू?

मग ती अर्धी भाकरी ताटात ठेवू लागली. सरांनी म्हणे सांगितलं होतं, अंग हलकं तर पाय हलके. तिच्या पोलक्याला मी दोनदा टीप मारली. रात्री पडल्या पडल्या तिला झोप लागत नव्हती आणि सकाळी जिना चढताना ती कठड्याला धरायची. एका सकाळी नाडी अडुसष्ट होती. त्याच आठवड्यात तिने उजव्या नडगीवर एक बोट ठेवून दाखवलं. "हितंच दुखतंय. एवढ्याशाच जागी." मी अंगठ्याने दाबलं, तशी ती कळवळली. जनावर असं कळवळलं तर मी ते विकत घेत नाही. मुलीला मात्र म्हणाले, "तेल लाव. निवड आठ दिवसांवर आलीय."

तिसऱ्या दिवशी जोराच्या पळण्यात ती मैदानात खाली बसली आणि तिला पाय टेकवता येईना.

अंबाजोगाईला डॉक्टरीण बाईंनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. हाडाला चीर गेली होती. त्यांनी मुलीकडे बघत विचारलं, "पाळी कधीपासून आली नाही?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. "पाच म्हैने झाले."

माझा हात उठला. खरं तेच सांगते. मला वाटायचं तेच वाटलं.

"हात खाली घ्या," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीने काही केलेलं नाही. पळणं जास्त, खाणं कमी, विसावा नाही. शरीराने आधी पाळी बंद केली, मग हाडं कमजोर व्हायला लागली. हे तिने कुणालाच सांगितलं नाही?"

"मायला सांगितलं असतं तर मारलं असतं तिनं," मुलगी म्हणाली. "वहीत लिव्हलंय."

घरी येऊन मी वही वाचली. पाच जागी लिहिलं होतं, या महिन्यातही पाळी नाही. पाचही पानांखाली सरांची सही होती.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. सरांनी वही हातात घेतली नाही.

"ताई, सात दिवस तुम्हीच मागितले होते. चारचौघांत मागितले."

"मागितले. मी शेळ्या इकती. तू शास्त्र शिकून आलास. मला ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक होतं."

"मी नाही म्हणालो असतो तर तुम्ही पलीकडे गेला असता."

"गेले असते. मग पलीकडच्याशी भांडले असते."

तेवढ्यात शिटी वाजली आणि मुली पळत समोरून गेल्या. दहा-बाराजणी. मी एकीला विचारलं, आज आरामाचा दिवस नाही का? ती म्हणाली, "न्हाई मावशी. तुमच्या पोरीला सात दिवस दिले म्हणून आमच्या घरच्यांनी बी सातच मागून घेतले." मी केलेला भाव आता सगळ्यांना लागू झाला होता. दोघी-तिघींच्या गालांची हाडं वर आलेली दिसत होती. एक जण उजवा पाय जपून टाकत होती.

माझी मुलगी पुन्हा दहा किलोमीटर पळेल का, हे डॉक्टरीण बाई सांगत नाहीत. हाड जुळेल म्हणतात, बाकी बघू म्हणतात. माझा दोष मी पदरात घेतला आहे आणि मुलीसमोर तो कबूलही केला आहे. पण सर, तुमच्या वाटणीचा दोष मी उचलणार नाही. या मुलींच्या आया एका सकाळी मैदानावर बोलवा. कुणाची नाडी किती वाढली, कुणाची पाळी कधीपासून थांबली, ते जिच्या तिच्या आईला नीट सांगा. आणि मग सगळ्यांदेखत मला उत्तर द्या: सगळं ठाऊक असताना तुम्ही हो का म्हणालात?