पाटावरची बारीक रेघ

लोहाऱ्यातल्या ज्या दुकानात मी काम करते, तिथं लग्नपत्रिका छापतात आणि लेझरच्या मशीनवर लाकडावर नक्षी कोरून देतात. मी आले होते झाडलोट करायला अन् पत्रिका पाकिटात घालायला. रांगोळी बरी काढते म्हणून मालकांनी कॉम्प्युटरवर बसवलं. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नाही. कुठलं बटण कुठं आहे ते जागेवरून लक्षात ठेवते. रेघेची जाडी बदलायची यादी उघडली की सगळ्यात वर केसासारखी रेघ असते, खाली खाली ती जाड होत जाते.

मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताई, सगळ्यात वरची रेघ दिली की मशीनला वाटतंय, इथं कापायचंय. ते लाकडात खोल घुसतंय. नक्षी असली की खालची जाड रेघ घ्यायची, मग ते नुसतं वरवर खरवडतंय."

त्या दुपारी माझे थोरले चुलत दीर दुकानात आले. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सागवानी पाट. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांमागं वारली. हा पाट तिच्या माहेरचा. याच्यावरच बसवून तिला हळद लावली होती. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीची हळद होती, तीही त्याच पाटावर व्हायची होती. त्यावर त्यांना कमळाची वेल कोरून हवी होती, जाऊ उंबऱ्यापुढं काढायची तशी.

ती वेल माझ्या हाताला पाठ होती. पण आमच्याकडं थोरल्या दिरांपुढं सुना बोलत नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांनी काही विचारलं की मी फक्त मान हलवायची. सांगायचंच असलं तर ते जावेला सांगायचं, ती त्यांच्या कानावर घालायची.

मी वेल काढून तिला जाड रेघ दिली. ते माझ्या मागं स्टुलावर बसले होते.

"मालक, तिला म्हणावं लई जाड दिसतंय. हिच्या जावेचा हात असा नव्हता."

मालक हसले. "तुमच्याच घरच्या हायत्या, तुम्हीच म्हणा की."

मी रेघ एक पायरी बारीक केली. तेवढ्यात मालकांना फोन आला, ते बाहेर गेले. दीर कॉम्प्युटरकडं बघून म्हणाले, "अजून बारीक व्हावं बघा."

मी अजून एक पायरी वर गेले.

"अजून."

वर आता एकच रेघ उरली होती, कापायची. यापुढं जाता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण हात पुढं गेला आणि ती रेघ देऊन बसला.

"हां, ही. अशीच काढायची ती."

मालक आले की त्यांना हळूच सांगू, असं मी ठरवलं. ते आले ते घाईतच. "झालं का ताई?" दीर माझ्याकडं बघत होते. माझी मान हलली, नेहमीसारखी.

मालकांनी पाट मशीनमध्ये ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि पत्रिकांकडं वळले. दीर वाकून झाकणाच्या काचेतून बघू लागले. मशीन चालू झालं. कोरताना ते एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं. आज ते पाकळीच्या कडेनं हळूहळू चालत होतं. धूर निघाला. कोरण्याचा वास मला ओळखीचा आहे, हा तो नव्हता. हा जळण्याचा होता.

एक पाकळी संपत आली. पाटावर अशा तीस पाकळ्या होत्या. मशीन बंद करायचं लाल बटण पलीकडच्या अंगाला होतं आणि मध्ये दीर उभे होते. मी उठले, त्यांच्या मागं जाऊन थांबले. पदर सारखा केला. लेझरचा ठिपका दुसऱ्या पाकळीकडं सरकला.

"भावजी, सरका!"

ते दचकून बाजूला झाले. मी बटण दाबलं.

"काय झालं?" मालक धावत आले.

"रेघ कापायची हाय ती. म्याच दिली."

"मग मघाच बोलायचं की ताई!"

झाकण उघडलं. पहिल्या पाकळीची कड खोल जळली होती, नख आत जाईल इतकी. दिरांनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्या बारीक म्हणलो. तू न्हाय का म्हणली न्हाईस?"

"तुमच्यापुढं कसं म्हणू?"

"आता सरका म्हणलीस की."

मालक खाली बघून हसले. मला हसू आलं नाही.

"आता कसं करायचं, तूच सांग," दीर म्हणाले.

"जाडच ठेवू. वरवर कोरलं जाईल. पाटाला धक्का न्हाय."

"ठेव."

झालेली पाकळी मी चित्रातून पुसली आणि उरलेल्या वेलीला खालची रेघ दिली. जाडीचा आकडा मालकांना मोठ्यानं वाचून दाखवला. मशीन झाडू मारल्यासारखं फिरायला लागलं, तेव्हा कुठं मी खाली बसले.

हळदीच्या दिवशी पोर त्या पाटावर बसली. नंतर पाट धुवायला मीच घेतला. सगळ्या वेलीतली हळद निघाली, त्या एका पाकळीतली निघेना. काडी घेऊन टोकरत बसले होते, तेवढ्यात दीर पाट न्यायला आले.

"राहू दे ती."

मान हलायला लागली होती. ती थांबवून मी म्हणाले, "बरं, भावजी."