चारसिऊ बरं की धोंडा

टोकियोजवळ ग्योतोकुत आमच्या बिल्डिंगखाली कचरा ठेवायच्या जागी हाँगकाँगच्या एक बाई भेटत. साठी उलटलेली, बांधा ठेंगणा, पायात मुलाच्या मोठाल्या चपला. मुलगा हमखास चुकीच्या वारी चुकीचा कचरा ठेवायचा. मग गाडीवाले पिशवीवर लाल स्टिकर चिकटवून ती तिथंच सोडून जायचे. बाई ती दोन बोटांनी उचलत आणि कँटोनीजमध्ये दरवेळी एकच वाक्य म्हणत.

एकदा मी अर्थ विचारला. मोडक्यातोडक्या जपानीत त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा चारसिऊचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं."

चारसिऊ म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस. मुलगा चाळिशीचा, रोबो बनवणारा.

मी म्हणालो, "माझी आई म्हणायची, तुझ्यापेक्षा धोंडा झाला असता तर त्यावर धुणं तरी धुतलं असतं."

बाईंनी गंभीरपणे विचार केला. "धोंडा खाता येत नाही," म्हणाल्या. विषय संपला.

गेल्या मंगळवारी मात्र स्टिकर माझ्या पिशवीवर होता. प्लास्टिकच्या दिवशी मी लोणच्याची काचेची बरणी टाकली होती.

"आई कुठं असते तुझी?" बाईंनी विचारलं.

"पुण्यात."

त्यांनी माझी पिशवी दोन बोटांनी उचलली, माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "धोंडा."

मी घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, तुझं काम इथं एका बाईंनी हाती घेतलंय.

"नीट ओरडतात ना?" आईनं विचारलं.