बिनइंजिनाचं विमान

खोडदच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या कॉलेजच्या टेबलावर ती आणि मी होतो. विषय होता आपल्या देशात लढाऊ विमानांची रचना करणाऱ्या संस्थेचा इतिहास. आम्हा दोघांत जो चांगला सांगेल, तो पुण्याच्या फेरीला जाणार होता. मी सगळं पाठ केलं होतं. ती जुन्नरच्या एका शिंप्याची मुलगी. बोलण्याआधी ओढणी खोचायची आणि म्हणायची, "आता बघा."

"आता बघा मामा, आधी त्यांनी बिनइंजिनाचं लाकडी विमान उडवलं. पक्की शिलाई मारायच्या आधी आमचे अब्बा कच्चे टाके घालत्यात ना, तसं."

लोक हसत, थांबत. मला ते बघवत नव्हतं.

परीक्षक सर आले तेव्हा माझी पाळी होती. मी बोलू लागलो आणि माणसं पांगली. ती टेबलामागून निघून समोर येऊन उभी राहिली, जणू प्रदर्शन बघायलाच आली होती.

"पण भाऊ," तिनं मोठ्यानं विचारलं, "इंजिनच न्हाई, तर ते वर गेलं कसं?"

लोक परत वळले. दुसऱ्या विमानाला दोरानं बांधून ते वर नेल्याचं मी नीट सांगितलं.

पुण्याला माझं नाव गेलं. पण निघताना सर तिला म्हणाले, "प्रश्न छान होता हं." ते मला अजून टोचतं.